कुंपणापलीकडचं गुप्तधन

इंग्लंडात दोन घरांमधलं कुंपण पुरुषभर उंच बांधतात, ते शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून. आमचं आणि काकूंचंही तसंच होतं. पण मागच्या हिवाळ्यातल्या वादळात त्याचा एक भाग आडवा झाला, आणि तो कुणाच्या खर्चाने उभा करायचा यावर दोन्ही घरांतल्या पुरुषांचं अजून एकमत झालेलं नाही. आम्हा दोघींना काहीच घाई नाही. सफोकमधल्या या आळीत मिरजेच्या काकू आणि ठाण्याची मी. त्या खिंडारातून इकडची कोथिंबीर तिकडे जाते, तिकडच्या बातम्या इकडे येतात.

शनिवारी मी कपडे वाळत घालत होते, तर काकू खिंडारात हजर.

"मागच्या आठवड्यात तुझ्याकडे एक खोका आला होता ना गं? आमच्या नावाचा?"

"हो. काका संध्याकाळी घेऊन गेले की."

"काय आहे म्हणाले आत?"

"बागेतली छत्री म्हणाले."

"छत्री! इथे ऊन पडतं किती, त्याला छत्री? अगं, नवा मेटल डिटेक्टर आहे तो. माझ्या हाती लागू नये म्हणून तुझा पत्ता दिला. पण बँकेचा मेसेज माझ्या फोनवर येतो, हे काही एवढ्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. हजाराला हात लागलाय, हजाराला. पौंड म्हणतेय मी."

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काका हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त. काकूंच्या भाषेत सांगायचं तर आयुष्यभर लोकांच्या हाडांत खिळे ठोकले आणि म्हातारपणी लोकांच्या शेतांतून खिळे उपसायला लागले. हातात दांडा, दांड्याच्या टोकाला गोल कॉइल, कानाला हेडफोन, आणि नांगरून टाकलेल्या शेतात इकडून तिकडे, तिकडून इकडे. इंग्लंडात या छंदाचे क्लब गावोगाव आहेत. बीबीसीने २०१४ मध्ये त्यावर 'डिटेक्टरिस्ट्स' नावाची मालिकाच काढली. ती पाहिल्यावर काकू म्हणाल्या होत्या, आमच्या घरात कॅमेरा कधी लावून गेले कोण जाणे.

"पण जुनं होतं ना चांगलं?" मी विचारलं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"होतं म्हणजे काय! पिवळं धम्मक गॅरेट. एस २५०. टेक्सासची कंपनी. चार पेन्सिल सेल घातले की चाललं. पडद्यावर बारा चौकोन, लोखंड डावीकडे, चांदी उजवीकडे. वर अमेरिकेच्या सेंटांची नावं छापलेली. आता सफोकच्या शेतात अमेरिकेचा सेंट कुठून येणार, पण डॉक्टरांना त्याचंही कौतुक. आणि नाण्यासारखं काही लागलं की घंटी वाजायची. टण्ण. ती एकदा वाजली की यांना जेवायला बोलवायचं नाही."

त्या पिवळ्या यंत्राची कमाई मी पाहिलेली आहे. काकूंच्या संडासाशेजारच्या कोनाड्यात आइस्क्रीमचे डबे आहेत, त्यांत सगळं वर्गवारी करून ठेवलेलं. बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, शिशाच्या गोळ्या, घोड्याच्या साजाचे बकल, व्हिक्टोरिया राणीच्या पेनी, शिवाय शीतपेयांच्या डब्यांच्या इतक्या कड्या की त्यांची साखळी केली तर आमच्या आळीला वेढा पडेल. आणि एक चीज मात्र वेगळ्या डबीत, कापसावर. तेराव्या शतकातली अर्धी पेनी. तिसऱ्या हेन्री राजाची, चांदीची, करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी आणि कागदापेक्षा थोडी जाड. त्या काळी अर्ध्या पेनीचं नाणं सहसा मिळायचं नाही, म्हणून लोक अख्खी पेनी कात्रीने मधोमध कापत. नाण्याच्या पाठीवर कडेपर्यंत जाणारा क्रूस असायचा, त्या रेषेवरून कापलं की दोन्ही वाटे सारखे. ही अर्धचंद्री चकती काकांनी घरी आणली त्या दिवशी काकूंनी ती गोळ्यांच्या पाकिटाची चांदी समजून केरात टाकली होती. घरात यावरून अबोला झाला. मशीनचा विषय निघाला की तो अजून अधूनमधून वर येतो.

"मग एवढं सगळं असताना नवं कशाला?"

काकू खिंडारातून जरा पुढे झुकल्या. बातमी महत्त्वाची असली की त्यांचा आवाज खाली येतो.

"घंटी ऐकू येईना."

"बिघडली?"

"घंटी कशाला बिघडतेय! कान. ऑपरेशनच्या खोलीत इतकी वर्षं ड्रिल, करवती, हातोडे. हाडांचं काम म्हणजे सुतारकामच ते. वरच्या पट्टीतलं काही म्हणून ऐकू येत नाही आता. कुकरची शिट्टी, दाराची बेल आणि मी. जुन्याची घंटी नेमकी त्याच पट्टीत. क्लबातला एक जण माझ्याजवळ बोलला, तुमचे डॉक्टर चांगल्या सिग्नलवरून तसेच पुढे जातात, मी मागून जाऊन खणतो. आता बोल!"

"आणि नव्यात?"

"नव्यात मूठ थरथरते. खाली धातू आला की हाताला कळतं. वर आवाजाची पट्टी आपल्याला हवी तेवढी खाली ओढता येते. बिनतारी हेडफोन खोक्यातच. म्हणजे हे सरळसरळ औषधच झालं की नाही? मग तसं सांगावं. माझे कान गेलेत, मला थरथरणारं पाहिजे. मी स्वतः पैसे दिले असते. पण कान गेले म्हणण्यापेक्षा छत्री आणली म्हणणं सोपं!"

मला यात काकांची बाजूही कळते. पण ती कुंपणाच्या या बाजूने बोलायची नसते.

पुढची हकिगत अशी. खोका आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, काकू दुपारच्या झोपल्या आहेत असं समजून काका मागच्या हिरवळीवर गेले. काकू वरच्या खिडकीत. नवं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅब कंपनीचं, इक्विनॉक्स ९००. दांडा घडीचा, आत ढकलला की जेमतेम दोन फूट. काकांनी तो ओढून लांब केला, कॉइल बसवली, बटण दाबलं मात्र, आणि यंत्र जे बडबडायला लागलं ते थांबेना. घरातलं वायफाय, जमिनीखालची विजेची केबल, आमचं गाडीचं चार्जर, सगळ्यांच्या चहाड्या एकदम.

"मी चहा घेऊन खाली गेले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, काय हो, छत्री उघडत नाहीये का?"

मी हातातला टॉवेल खाली टाकून हसले.

"एकदा उघडकीला आल्यावर मग काय, उत्साहच आला. ही तुझी अंगठी काढ, ती शिवराई आण. देवातली सासूबाईंची शिवराई आहे ना माझ्याकडे, तीपण आणली. चांदीचं निरांजन आणलं. आणि मुद्दाम एक कोकच्या डब्याची कडी. सगळं गवतावर ओळीने मांडलं आणि हे त्यावरून ती थाळी फिरवतायत."

कॉइलला काकू थाळी म्हणतात.

"जुन्यात बारा चौकोन होते. यात आकडे, उणे १९ पासून ९९ पर्यंत. लोखंड उण्यात. शिवराई आणि निरांजन वरच्या आकड्यांत गेलं. तांबं आणि चांदी वरच जातात म्हणे. आता माझी अंगठी. बावीस कॅरेट, मिरजेच्या सोनाराकडची. तिचा आकडा कुठे यावा? मधेच कुठेतरी. आणि तिच्या शेजारचा आकडा कुणाचा? कोकच्या कडीचा!"

काकूंचा हा अपमान अजून उतरलेला नव्हता.

"मी म्हटलं, परत करा हे. हजार पौंडांना सोनं आणि पत्रा कळत नसेल तर काय करायचंय? तर म्हणाले, कुठल्याच मशीनला कळत नाही."

ते मात्र खरं आहे. मी इंजिनिअर असल्याने काकांनी मला एकदा खिंडारात उभं करून सगळं समजावलं होतं. कॉइलमधून विजेचा बदलता प्रवाह जातो, त्याने जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचं क्षेत्र कॉइलमधली दुसरी तार टिपते. यंत्राला कळतं ते एवढंच, की हा धातू विजेला किती वाट देतो आणि तुकडा साधारण केवढा आहे. बारीक सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमची कडी, दोघींचं माप जवळपास सारखं भरतं. कड्यांचा वैताग आला म्हणून तेवढे आकडे बंद करता येतात, सोय आहे. पण मग अंगठ्याही बंद. ज्याला सोनं हवं त्याने कचरा खणला पाहिजे. यातून सुटका नाही.

ही युक्ती जुनी आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायला असंच यंत्र लावून पाहिलं होतं. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोळ घातला असं सांगतात, आणि डॉक्टरांनी बेलला शोधू दिलं ते चुकीच्या बाजूला. काकांची ही लाडकी गोष्ट. जेवायला पाहुणे आले की ती होतेच, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांना गोळीने नाही, डॉक्टरांच्या न धुतलेल्या बोटांनी मारलं, हे सांगताना काका ऐन पुरणपोळीच्या वेळी आपली बोटं वर करून दाखवतात.

"बरं, पण वाळूचं विचारलंस का?" काकू म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. "रविवारी फेलिक्सस्टोला गेलो. जुनं घेऊन गेलो की कोरड्या वाळूवर ठीक, पण लाटांच्या ओल्या वाळूवर पाय ठेवला की वेडं व्हायचं ते. काही नसताना घंट्या. हे म्हणायचे, मिठाचं पाणीच विजेला वाट देतं, मशीनला वाटतं खाली धातू आहे. नवं शांत! किनाऱ्याचं वेगळं बटण आहे, ते लावलं आणि पाण्यात शिरले. सगळं मशीन पाण्यात बुडलं तरी चालतं, पाच मीटरपर्यंत. मी म्हटलं, मशीन चालेल, तुम्ही घोट्यापर्यंतच जा."

का शांत, त्याचं कारण असं. जुनं एस २५० एकाच वारंवारितेवर काम करायचं, साडेसहा किलोहर्ट्झ. नवं एकाच वेळी अनेक वारंवारिता सोडतं आणि परत आलेल्या उत्तरांची आपसात तुलना करून मिठाचं उत्तर वजा करतं. काकांनी याला त्यांच्या धंद्यातलीच उपमा दिली होती: आधी एकाच डॉक्टराचं मत घ्यायचो, आता चौघांचं घेतो, आणि चौघंही एकच सांगतात तेव्हाच कापतो.

"मिळालं काय मग?"

"गळाला लावायची शिशाची वजनं. कोळ्यांनी वर्षानुवर्षं समुद्राला दिलेली. पिशवी भरून. आणि साडेचार पौंडांची सुट्टी नाणी. गाडी लावायला तेवढेच गेले."

मला विचाराल तर ओली वाळू आणि कान, ही दोन कारणं हजार पौंड टाकायला पुरेशी आहेत. कोरड्या शेतात, लोखंडाचा फार कचरा नसलेल्या जागी, ते पिवळं अजूनही उपाशी मारणार नाही. पण या छंदात कारण असलेली माणसं कमी आणि हौस असलेली जास्त. काकूंनी क्लबाचा पंचनामाच केला. एकाकडे फ्रेंच एक्सपीचं डिअस, कॉइलपासून वरपर्यंत कुठे तार नाही. एकाकडे तुर्की नोक्टा. एक केंटचे आजोबा, त्यांना केंटमध्येच बनलेल्या सी-स्कोपशिवाय दुसरं काही हातात धरवत नाही. आणि एक जण असा, की कंपनीने नवं काढलं की याने घेतलंच.

"त्याच्याकडे ८०० होतं," काकू म्हणाल्या. "२०१८ च्या सुमाराला आलेलं. तेव्हा सगळा क्लब त्याच्या मागे मागे. त्यातही सगळ्या वारंवारिता एकदम होत्याच. मग ९०० आलं, तर याने ८०० विकून ९०० घेतलं. मी डॉक्टरांना विचारलं, फरक काय? तर म्हणे आकडे पन्नासाचे एकशेएकोणीस झाले, पाण्यात तीन मीटरऐवजी पाच मीटर, दांड्याची घडी होते, आणि मूठ थरथरते. त्या माणसाचे कान शाबूत आहेत, त्याला पोहायला येत नाही, आणि गाडी त्याची टेम्पोएवढी आहे. घडी कशाला पाहिजे?"

काकूंचा हा युक्तिवाद मी मनातल्या मनात अनेक घरांना लावून पाहिला. आमच्या घरातल्या फोनलासुद्धा.

"आणि शेतात? तिथे काही फरक?"

"गुरुवारी जाऊन आले ना. जुन्या कोठाराजवळचं शेत, जिथे ती अर्धी पेनी मिळाली तेच. तिथे कोठार पडलं तेव्हाचे खिळे नुसते पेरलेत. जुनं मशीन खिळ्यावर कुरकुरलं की त्याच्या शेजारी काही असलं तरी गप्प. नवं म्हणे पटकन सावरतं. खिळा, मधे बटण, पुन्हा खिळा, असं तिन्ही वेगवेगळं सांगतं. एक शिशाची गोळी आणि एक बकल मिळालं, खिळ्यांना चिकटूनच होतं. खूश होती स्वारी. पण त्याच दुपारी गुडघाभर खड्डा खणला, आकडा चांदीचा, मूठ थरथरतेय, आणि निघालं काय? नांगराचा गंजका तुकडा, हा एवढा. मोठं गंजकं लोखंड चांदीचं सोंग घेतं म्हणे."

"म्हणजे फसतंच."

"फसणारच गं. स्टॅफर्डशरला २००९ मध्ये ते अँग्लो-सॅक्सन सोनं सापडलं, किलोवारी, ३२ लाख ८५ हजार पौंड किंमत झाली. त्या माणसाच्या हातातलं मशीन चौदा वर्षं जुनं होतं. हे मला डॉक्टरांनीच सांगितलेलं. मी काल तेच त्यांना परत सांगितलं, तर म्हणतात, त्याचे कान चांगले होते. आता मात्र कान आठवले!"

सफोकमध्ये राहून या गप्पा हॉक्सनपर्यंत गेल्या नाहीत तर सफोकचा अपमान. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. एरिक लॉज नावाचा त्याचा निवृत्त मित्र, त्याला निवृत्तीची भेट म्हणून डिटेक्टर मिळालेला, तो शोधायला गेला. हातोडीऐवजी लागला रोमन खजिना. पंधरा हजारांच्या आसपास नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. आणि लॉज याने सगळ्यात मोठं काम काय केलं, तर खणणं थांबवलं. पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. त्यांना पेटीतल्या वस्तू जशा ठेवल्या होत्या तशा पाहता आल्या. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, त्याने शेतकऱ्यालाही वाटा दिला. हातोडीही सापडली, आणि तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात आहे.

"त्यात एक बाई आहे, माहितीये?" काकू म्हणाल्या. "चांदीची, मुलाम्याची, एवढीशी. केसांची केवढी ती रचना, गळ्यात दागिने. आणि ती आहे काय? मिरपुडीची डबी! खालचं बूड फिरवलं की भोकं उघडतात. सोळाशे वर्षांपूर्वीच्या सफोकच्या जेवणात मिरी कुठून आली असेल? आपल्या मलबारातून. इथले लोक मला अजून विचारतात, तुम्हाला इथलं जेवण फिकं नाही का लागत. त्यांना ती बाई दाखवली पाहिजे."

काकूंनी ती बाई प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फोटोतच. काका लंडनला नेतो नेतो म्हणतात आणि रविवारी शेतावर जातात.

तेवढ्यात मिरजेचा विषय निघाला, आणि काकूंचा सूर बदलला.

"परवा भाऊजींचा फोन. यांनी हौसेने नव्या मशीनचा फोटो पाठवला होता ना. भाऊजी म्हणतात, दादा, जुनं मशीन इकडे पाठव. वाड्याच्या परसात हंडे आहेत. सासूबाई सांगायच्या, सात हंडे, वर नाग. ते हंडे शोधायचेत. मी फोन यांच्या हातातून घेतला. म्हटलं, भाऊजी, परसात काय आहे ते मला माहितीये. माझी लग्नातली फुटकी कपबशी आहे आणि तुम्ही शाळेतली प्रगतिपुस्तकं पुरली होती ती आहेत."

"आणि नाग?"

"नाग गेला असेल भाऊजींना घाबरून. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला आणि तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या खाली लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते. मोगलांचं सोनं म्हणे! आपल्याकडचा कायदा इंग्रजांच्या वेळचा, १८७८ चा. जमिनीत दहा रुपयांच्या वर काही सापडलं तरी कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! भाऊजींना म्हटलं, प्रगतिपुस्तकांची रद्दीसुद्धा दहाच्या वर जाईल. आणि त्या हंड्यांपायी एखादा मांत्रिक आणून बसवलात तर २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे, त्यात आत जाल."

इथला कायदा त्या मानाने सुटसुटीत, म्हणूनच हा छंद इथे फोफावला. शेताच्या मालकाची परवानगी हवी, संरक्षित स्मारकावर पाऊल टाकायचं नाही. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा नाण्यांचा साठा सापडला तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार चौदा दिवसांत कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्याला कळवायचं. संग्रहालयाने ती घेतली तर किंमत ठरते आणि सहसा शोधणारा व शेतकरी ती वाटून घेतात. एकटंदुकटं नाणं यात येत नाही, त्यामुळे काकांची अर्धी पेनी काकांकडेच राहिली. पण ती त्यांनी नोंदवून मात्र आणली, सापडली ती जागा नकाशावर दाखवून. साठा सापडूनही न कळवणाऱ्यांचं काय होतं तेही काकूंना तोंडपाठ आहे. हेरफर्डशरमध्ये लेमस्टरजवळ २०१५ मध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा लागला, तीनशेच्या आसपास नाणी असावीत. त्यांनी कळवलंच नाही, परस्पर विकायला काढली. २०१९ मध्ये कोर्टाने एकाला दहा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं सुनावली. बहुतेक नाणी अजून मिळालेली नाहीत.

"खजिना लागला तर पहिलं मला सांगणार की कॉरोनरला, असं विचारलं मी यांना."

"काय म्हणाले?"

"ऐकू आलं नाही त्यांना."

मी शेवटची चादर दोरीवर टाकली. "मग भाऊजींना नाही म्हटल्यावर जुन्याचं काय केलं?"

"विकलं. क्लबातल्या कुणालातरी, पन्नास पौंडांना. मला म्हटलं तेवढेच भरून आले."

चिमटे माझ्या हातातच राहिले. आमच्या टीव्हीच्या रिमोटमधले सेल गेल्या रविवारपासून गायब आहेत. स्वयंपाकघरातल्या घड्याळातलेही. आणि गॅरेजमध्ये सुटकेसांच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब आहे. त्याबद्दल आमच्या घरातून मला असं सांगण्यात आलं होतं, की काकांनी ठेवायला दिलंय, त्यांच्याकडे जागा नाही.

"काकू," मी म्हटलं, "ते क्लबात नाही गेलेलं. ते माझ्या गॅरेजमध्ये आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला, आमच्या जॉइंट खात्याचा हिशोब उघडला. सोमवारी काकांच्या नावावर गेलेली रक्कम होती, आणि पुढे कशासाठी तेही लिहिलेलं: बागकाम.

"किती?"

"ऐंशी."

"ऐंशी?" काकू दोन्ही हातांनी खिंडाराच्या कडा धरून उभ्या राहिल्या. "मला पन्नास सांगितले. वरचे तीस कुठे गेले?"

मला ते सांगता येईना. पण काकांच्या पट्ट्याला परवा एक नवी काळी कातडी पिशवी लोंबत होती, सापडलेल्या वस्तू टाकायची, हे मला आठवलं. मी बोलले नाही. काकूंनाही तेच आठवलेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आणि तुझा नवरा ते घेऊन जाणार कुठे?"

"उद्या दोघं चालायला जाणार आहेत म्हणे. समुद्रावर. सकाळी सातला."

"चालायला." काकूंनी क्षणभर विचार केला. मला वाटलं आता घरात जाऊन तोफ डागणार. पण काकू मिरजेच्या आहेत. "काही बोलायचं नाही. तूही नाही, मीही नाही. जाऊ देत. ते गेले की आपण आठाची गाडी पकडायची. लंडन सव्वा तासावर आहे. ती मिरपूडवाली बाई बघू, बाहेरच जेवू, संध्याकाळी सावकाश येऊ. तिकिटं तू काढ तुझ्या फोनवर. माझे पैसे मी आत्ता तुझ्या खात्यात टाकते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फोनवर बोट टेकवलं. "इथे विचारतंय, कशासाठी. काय लिहू?"

"बागकाम लिहा, काकू."